पत्ता नसलेले स्क्रीन: केस पेपर किऑस्कच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज कामाला सुरुवात. तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयात ओपीडीच्या दाराशी टचस्क्रीन, म्हणजे किऑस्क, उभा करायचा आहे. रुग्णानं किंवा सोबतच्या माणसानं मोबाइल नंबर टाकायचा, जुनी नोंद असेल तर ती निवडायची, नसेल तर नाव-वय-गाव भरायचं, विभाग निवडायचा, चिठ्ठी घ्यायची आणि बाकावर जाऊन बसायचं. केस पेपरची खिडकी उघडायच्या आधीच रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत आलेली असते. ती दोन ठिकाणी वाटली जावी एवढाच हेतू.

आम्ही दोघंच आहोत. सहकारी सर्व्हर आणि थर्मल प्रिंटर बघतोय, माझ्याकडे स्क्रीन. कागदावर मोजले तर अकरा झाले: स्वागत, मोबाइल, शोधतोय, घरातलं कोण, नवी माहिती, विभाग, पडताळणी, नोंदवतोय, चिठ्ठी, वेळ संपतेय आणि मदत. 'घरातलं कोण' हा आपल्याकडे लागतोच, कारण एकाच मोबाइल नंबरावर आजीपासून नातवापर्यंत सगळे नोंदलेले असतात. तिथे फक्त पहिलं नाव आणि वय दाखवायचं ठरलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला अडथळा. नेट गेलं तरी किमान स्क्रीन उघडा राहावा म्हणून सगळ्या फाइल मशीनवरच ठेवल्या आणि क्रोमियम या ब्राउझरमध्ये थेट फाइल म्हणून उघडल्या. जावास्क्रिप्टचं मॉड्यूल चाललं नाही, कारण फाइलवरून उघडलेल्या पानाला ब्राउझर मूळ स्रोत, म्हणजे ते कुठल्या साइटवरून आलं ही ओळख, देत नाही, 'नल' (काहीच नाही) धरतो. सगळा कोड एका साध्या स्क्रिप्टमध्ये बांधून तेवढं निभावलं. पण राउटरनं, म्हणजे स्क्रीन बदलणाऱ्या कोडनं, पहिल्याच 'पुढे'ला पुशस्टेट करून (नवं पान न उघडता पत्ता बदलायची ब्राउझरची सोय) वेगळा पत्ता, म्हणजे वरच्या पट्टीतला यूआरएल, लावायचा प्रयत्न केला आणि सुरक्षेची एरर येऊन सगळं थांबलं. कारण तेच: स्रोत 'नल' असेल तर पानाला आपला पत्ता बदलून दुसऱ्या फाइलचा लावता येत नाही.

तात्पुरतं हॅशवर आणलं. पत्त्याच्या शेपटीला हॅश (#) लावून स्क्रीनचं नाव लिहायचं, हॅश बदलला की स्क्रीन बदलायचा. हे फाइलवरूनही चालतं. एचटीएमएल-५ मधून पुशस्टेट येण्याआधी सगळे हेच करायचे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हॅशवालं रूप घेऊन रुग्णालयात गेलो. नोंदणी खिडकीवरच्या ताईंना म्हटलं, तुम्हीच पहिल्या रुग्ण व्हा. त्यांनी स्वतःचा नंबर टाकला, यादीतून सासूबाईंचं नाव निवडलं, विभाग 'नेत्र' घेतला, चिठ्ठी निघाली, स्वागताचा स्क्रीन परत आला. सगळं मनासारखं झालं. मग माझ्या सहकाऱ्यानं, मुद्दाम काही नाही, स्क्रीनवरचा धुळीचा डाग पुसायला बोट आडवं ओढलं. ब्राउझरनं त्याचा अर्थ 'मागे' असा घेतला. एकदा चिठ्ठी, आणखी एकदा पडताळणी. ताईंच्या सासूबाईंचं नाव, वय, विभाग, सगळं पुन्हा समोर.

ताई एकदम म्हणाल्या, "अहो, हे परत कसं आलं? आता माझ्या मागे दुसरं कोणी उभं असतं तर?"

आडव्या बोटाचं 'मागे' बंद करता येतं. क्रोमियम सुरू करताना त्याचा फ्लॅग देता येतो, सीएसएसमध्ये ओव्हरस्क्रोल-बिहेविअर 'नन' करता येतं. कीबोर्ड जोडला असेल तर ऑल्ट आणि डावा बाण मात्र उरतोच. पण परतीच्या एसटीत मला वाटत राहिलं की प्रश्न बोटाचा नाही. ब्राउझरचा इतिहास एका माणसाचा असतो असं ब्राउझर धरून चालतो. इथे दर दोन मिनिटांनी माणूस बदलतो. आधीच्या माणसाचं पाऊल पुढच्याला 'मागचं पान' म्हणून मिळतं, ही वस्तूच चुकीच्या जागी वापरली जातेय.

पत्ता नकोच, असं ठरवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पत्ता काढायचा म्हणजे तो आजवर गुपचूप काय काय करत होता ते आधी बघायला हवं. सकाळ त्यातच गेली. मागे-पुढे जाणं तो सांभाळत होता. रिफ्रेश केल्यावर तिथंच आणून सोडत होता. 'मी कुठे आहे' हे पान बदलल्यावर शीर्षकातून सांगत होता. सर्व्हरच्या लॉगमध्ये कोण कुठपर्यंत पोचलं ते उमटत होतं. आम्हाला नववा स्क्रीन तपासायचा असेल तर त्याचा पत्ता टाकून थेट तिथे जाता येत होतं. आणि फॉर्म भरून पाठवल्यावर दुसऱ्या पत्त्यावर वळवायची जी जुनी पद्धत आहे, तिच्यामुळे रिफ्रेश मारलं तरी तीच नोंद दुसऱ्यांदा जात नव्हती. ही सहाही कामं आता आपल्या गळ्यात.

सहकाऱ्यानं सुचवलं की रिअ‍ॅक्ट राउटर या तयार लायब्ररीत मेमरी राउटर आहे, व्ह्यू राउटरलाही मेमरी हिस्टरी आहे, तेच लावू. पत्त्याच्या पट्टीला हात न लावता सगळा प्रवास ते मेमरीत ठेवतात. चाचण्यांसाठी आणि दुसऱ्याच्या पानात बसवायच्या छोट्या खिडक्यांसाठी ती उत्तम सोय आहे. पण तीही शेवटी रचत जाणारी चळत: जिथं जिथं गेलात ते एकावर एक, आणि 'मागे' म्हणजे वरचं काढून टाकणं. आम्हाला हवंय ते वेगळं. इथून कुठं जायची परवानगी आहे, आणि इथून निघताना काय पुसून जायचं. पहिला प्रश्न चळतीला विचारता येत नाही, दुसरा तर मुळीच नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस फळ्यापुढे. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये स्टेटचार्टची, म्हणजे यंत्राच्या स्थिती गोलांनी आणि बदल बाणांनी दाखवायच्या आकृतीची, कल्पना मांडली, ती विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचं वागणं कागदावर कसं उतरवायचं या झगड्यातून आलेली. कॉलेजात ती परीक्षेपुरती वाचली होती. आता हातात घेतली तर आमच्या अडचणीला नेमकी बसली.

साध्या स्थिती-यंत्रात प्रत्येक स्क्रीन ही एक स्थिती, अकरा स्थिती म्हणजे अकरा सुटे गोल. 'कोणी स्क्रीन सोडून निघून गेलं तर स्वागतावर या' हा बाण प्रत्येकातून काढावा लागतो, आणि एखादा राहतोच. स्टेटचार्टमध्ये गोलाभोवती मोठा गोल काढता येतो. मी स्वागत बाहेर ठेवलं आणि बाकी दहांभोवती एक मोठा गोल काढून त्यावर लिहिलं: 'सत्र'. आता बाण एकच, सत्राच्या कडेपासून स्वागताकडे. तुम्ही आत कुठंही असा, वेळ संपली की सत्रातून बाहेर.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, गोलात शिरताना काय करायचं आणि गोलातून बाहेर पडताना काय करायचं, हे गोलावरच लिहिता येतं. सत्रातून बाहेर पडताना नाव, वय, नंबर आणि यादी धरून ठेवणारी वस्तूच टाकून द्यायची आणि नवी कोरी घ्यायची. एकेक रकाना रिकामा करत बसायचं नाही, कारण उद्या बारावा रकाना वाढवणारा माणूस ती यादी वाढवायला विसरेल. मीच विसरेन.

मदत आणि 'वेळ संपतेय' हे दोन कुठल्याही स्क्रीनवर येऊ शकतात आणि गेल्यावर माणूस होता तिथेच परतला पाहिजे. हॅरेलच्या आकृतीत यासाठी गोलातलं इंग्रजी 'एच' हे चिन्ह आहे, म्हणजे 'शेवटी जिथे होतात तिथे'. इतिहास हवा तर तो असा, दोन जागांपुरता.

फळ्याचा फोटो काढला आणि त्यावरून तक्ता केला. अकरा ओळी, नऊ घटना: सुरू, पुढे, मागे, निवडलं, उत्तर आलं, उत्तर चुकलं, रद्द, मदत, वेळ. ९९ घरं. त्यांतली २७ भरली. उरलेल्या ७२ घरांत काहीही घडता कामा नये.

यासाठी एक्सस्टेट ही लायब्ररी आहे आणि चांगली आहे. पण हा तक्ता माझ्या हाताबाहेर मोठा नाही. दीडशे ओळींत झाला. ज्याला तो पुढे सांभाळायचाय त्याला एका बैठकीत वाचता यावा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

'मागे' बटण. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम, दिवस गेला.

पडताळणीवर माणूस येतो, गाव चुकलंय हे दिसतं, गावाशेजारच्या 'बदला'वर टेकतो, नवी माहितीवर जातो, गाव बदलतो, पुन्हा पडताळणीवर येतो. आता त्यानं 'मागे' दाबलं तर? घड्याळाच्या हिशेबानं मागचा स्क्रीन 'नवी माहिती' आहे. पण त्याच्या मनात तो विभाग निवडण्यावर जाणार आहे, कारण कामाच्या क्रमात पडताळणीच्या आधी विभाग आहे. अँड्रॉइडमध्ये 'बॅक' आणि 'अप' हा फरक पूर्वीपासून आहे. एक काळानुसार मागे नेतो, दुसरा रचनेनुसार वर. आमचं 'मागे' दुसऱ्या जातीचं. प्रत्येक स्क्रीन स्वतः सांगतो की माझ्या मागे कोण. 'बदला'तून आलेल्या फेरीला मात्र 'मागे' नाहीच, तिथे एकच बटण: 'ठीक आहे'.

नोंदवतोय आणि चिठ्ठी या दोन्हींवर 'मागे' काढून टाकलं. केस पेपर झाला की झाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

स्क्रीनवरचा कीबोर्ड मुका झाला. मोबाइल नंबर टाकून पुढे गेलं की 'नवी माहिती'वर अक्षरं दाबली तरी उमटत नाहीत; रकान्यावर एकदा बोट ठेवलं की उमटतात.

कीबोर्ड आम्हीच लिहिलेला, देवनागरी. अक्षर कुठे टाकायचं हे तो 'सध्या फोकस कुठे आहे', म्हणजे कुठला रकाना निवडलेला आहे, यावरून ठरवतो. स्क्रीन बदलताना जुना भाग डीओएममधून, म्हणजे ब्राउझरनं मेमरीत बांधलेल्या पानातून, काढला की त्यातल्या रकान्यावरचा फोकस नाहीसा होतो आणि ब्राउझर तो गुपचूप बॉडीवर नेऊन ठेवतो. पत्ता बदलून नवं पान उघडलं असतं तर ब्राउझरनं नव्यानं सुरुवात केली असती, स्क्रीन रीडरनंही (ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) शीर्षक वाचलं असतं. इथे पान तेच, आतलं सामान बदललेलं, आणि कोणाला काही कळवलेलं नाही.

म्हणून प्रत्येक ओळीत आणखी एक रकाना वाढवला: शिरल्यावर फोकस कुठे. भरायचं असेल तिथे पहिला रकाना, नुसतं वाचायचं असेल तिथे मथळा. मथळ्याला टॅबइंडेक्स उणे एक दिलं की त्यावर कोडमधून फोकस नेता येतो. पानाचं शीर्षकही त्याच वेळी बदलायचं. किऑस्कवर ते दिसत नाही, पण स्क्रीन रीडर लावून तपासताना तेच ऐकू येतं.

जाता जाता: आकड्यांचा कीपॅड देवनागरी आकडे दाखवतो, पण साठवताना रोमन आकडेच साठवावे लागतात. जावास्क्रिप्टला '९८' हा आकडा वाटत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फाइलवरून उघडणं सोडलं. सर्व्हरकडे मागणी जाताना स्रोत 'नल' म्हणून जातो आणि तो चालवून घ्यायचा तर कुठल्याही फाइलला दार उघडं. आता मशीनवरच छोटा सर्व्हर आहे आणि पान लोकलहोस्टवरून येतं. म्हणजे ५ तारखेला जे अडलं होतं ते पुशस्टेट आता चाललं असतं. सहकाऱ्यानं विचारलंही, "मग पत्ता परत आणायचा का?" नाही. आता पत्ता नसणं ही अडचण उरलेली नाही, ती गरज आहे.

दिवे जाऊन आले की क्रोमियम 'नीट बंद झालं नव्हतं, पानं परत आणू का' असा फुगा काढत होतं. गुप्त मोडमध्ये चालवल्यावर गेला. दिवे आल्यावर नेहमी स्वागतच उघडायचं. सेशनस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या टॅबपुरत्या साठ्यात, एक अक्षरही ठेवलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती, ओपीडी बंद. मशीन बसवलं. वॉर्डबॉय मामांनी टेबल स्वतः उचलून दारापासून दोन हात आत सरकवलं, म्हणाले, "दुपारचं ऊन इथवर येतं, काही दिसायचं नाही." आम्ही दोनदा पाहणी करून गेलो होतो, दोन्ही वेळा सकाळी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पहिला दिवस. मी दिवसभर बाजूच्या खांबाला टेकून उभा होतो.

लोक बटण एकदा दाबत नाहीत. दाबतात, काही झालं नाही असं वाटून पुन्हा दाबतात. स्क्रीन डावीकडे सरकत जायची सुंदर हालचाल मी ठेवली होती, ३०० मिलिसेकंदांची. तेवढ्यात दुसरा टॅप येतो आणि तो नव्या स्क्रीनवर पडतो. विभागावरचं 'पुढे' आणि पडताळणीवरचं 'बरोबर आहे' ही दोन्ही बटणं उजव्या खालच्या कोपऱ्यात, एकाच जागी. त्यामुळे पडताळणी न बघताच पास होत होती. एका गृहस्थांना दातांच्या विभागाची चिठ्ठी हातात पडली, आले होते गुडघ्यासाठी. ते काही बोलले नाहीत, चिठ्ठी घेऊन खिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ते पाहणं फार जड गेलं.

दुपारच्या जेवणाच्या वेळात हालचाल काढून टाकली. नवा स्क्रीन आला की पहिले ४०० मिलिसेकंद तो 'इनर्ट' ठेवला. या गुणधर्मामुळे तो दिसतो पण टॅप घेत नाही. आणि 'बरोबर आहे' हे बटण कोपऱ्यातून काढून माहितीच्या अगदी खाली, मधोमध आणलं. माझ्या मते खरा उपाय हा तिसराच. वेळेचं कुलूप कोणाला कमी पडेल, कोणाला जास्त. पण बोट नव्या जागी न्यायचं म्हणजे डोळ्यांना आधी तिथे जावं लागतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी एक आजी एकट्याच आल्या. स्वागतावरचं हिरवं बटण दाबलं, मोबाइल नंबराचा स्क्रीन आला. नंबर त्यांना पाठ नव्हता. कापडी पिशवी टेबलावर ठेवली, आतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिची गाठ सोडली, आतून रबर लावलेली छोटी डायरी काढली, रबर मनगटावर चढवलं, पान शोधलं, बोटानं ओळ धरली आणि मान वर केली. तोवर स्क्रीनवर स्वागत. त्यांना वाटलं आपल्याकडून काही बिघडलं. डायरीला पुन्हा रबर लावायला लागल्या.

मी पुढे होऊन त्यांना नंबर टाकायला मदत केली. पण सगळीकडे मी नसणार.

आम्ही ४५ सेकंदांनंतर इशारा आणि त्यानंतर १० सेकंदांत सत्र बंद, असं ठेवलं होतं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी तत्त्वांमध्ये २.२.१ हा निकष आहे: वेळ संपण्याआधी सांगा, आणि एका साध्या कृतीनं वेळ वाढवायला किमान २० सेकंद द्या. मी तो वाचलेला होता. रांग पुढे सरकावी या घाईत तो बाजूला ठेवला होता.

आता मोबाइलच्या स्क्रीनवर १२० सेकंद, बाकी ठिकाणी ९०, आणि इशारा २५ सेकंदांचा. इशाऱ्यावर पूर्ण स्क्रीनभर एकच बटण: 'मी इथेच आहे'. दाबलं की टाकलेले आकडे जसेच्या तसे. चिठ्ठीचा स्क्रीन मात्र ८ सेकंदांतच जातो, कारण तिथे नाव दिसतं आणि माणूस वळलेला असतो. तक्त्यात प्रत्येक ओळीला स्वतःची वेळ मिळाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज मशीन अकरा वाजता बंद केलं.

एका बाईंनी नंबर टाकला आणि यादीत जी नावं आली ती त्यांच्या घरातली नव्हती. "ही आमची माणसं नव्हेत," असं त्यांनी खिडकीवर जाऊन सांगितलं. खिडकीवरच्या ताईंनी मला फोन केला. मी आधी मशीन बंद करायला सांगितलं, मग गाडी काढली.

झालं ते असं. त्यांच्या आधी एका मुलानं नंबर टाकला. सर्व्हर रेंगाळला, 'शोधतोय' बराच वेळ राहिला, त्यानं 'रद्द' दाबलं आणि तो खिडकीकडे गेला. सत्र बंद झालं, माहिती पुसली गेली, सगळं आकृतीप्रमाणे. मग या बाई आल्या, नंबर टाकला, यंत्र पुन्हा 'शोधतोय' मध्ये गेलं. आणि तेव्हा आधीच्या मुलाचं उत्तर पोचलं. 'शोधतोय' मध्ये असताना 'उत्तर आलं' ही घटना घ्यायचीच असते. तक्त्यात ते घर भरलेलं आहे. तक्ता बरोबर होता, उत्तर दुसऱ्याचं होतं.

पत्ता असता तर नवं पान उघडताना जुन्या पानाची मागणी ब्राउझरनं बहुधा स्वतःच तोडली असती. आमचं पान दिवसभर एकच. त्यानं पाठवलेली प्रत्येक मागणी, लावलेला प्रत्येक टायमर आम्हीच बंद करेपर्यंत जिवंत राहतो. सत्रातून बाहेर पडताना माहिती पुसायचं मी लिहिलं होतं. वाटेवर असलेली माहिती माझ्या डोक्यातच आली नव्हती.

दोन दुरुस्त्या केल्या. सत्रातून बाहेर पडताना अबॉर्टकंट्रोलरनं सगळ्या मागण्या तोडायच्या. आणि प्रत्येक मागणीला अनुक्रमांक द्यायचा; उत्तर आलं की ते चालू मागणीचंच आहे का बघायचं, नसेल तर न उघडता टाकून द्यायचं. नुसतं तोडणं पुरत नाही, कारण तोडण्याच्या क्षणी उत्तर येऊन हाताळायच्या रांगेत बसलेलं असू शकतं. अनुक्रमांक ही खरी कडी, तोडणं हा सोबतचा अडसर.

संध्याकाळी रुग्णालयाच्या प्रमुखांना सगळं लेखी दिलं, काय दिसलं आणि कोणाला दिसलं यासकट. ताईंनी त्या बाईंना फोन करून सांगितलं की त्यांची स्वतःची माहिती कोणाला दिसलेली नाही. ज्या मुलाच्या घरची नावं दिसली त्याच्या घरीही कळवलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कालच्याचंच दुसरं अंग. 'नोंदवतोय' मध्ये मागणी तोडली तर सर्व्हरनं ती केलीच नाही असं होत नाही. केस पेपर झालेला असतो, आपल्याला फक्त ऐकू आलेलं नसतं. माणूस पुन्हा सुरुवात करतो आणि एकाच दिवशी दोन केस पेपर निघतात.

पडताळणीवर शिरतानाच एक किल्ली, म्हणजे त्या नोंदीपुरता वेगळा ओळख-क्रमांक, तयार होते आणि मागणीसोबत जाते. तीच किल्ली पुन्हा आली तर सर्व्हर नवी नोंद न करता आधीचाच नंबर देतो. आणि सत्र तुटून माणूस नव्यानं आला तर? त्याच माणसाची, त्याच दिवसाची, त्याच विभागाची नोंद असेल तर सर्व्हर विचारतो: 'आजची चिठ्ठी आधीच निघाली आहे, पुन्हा छापू का?' कागद अडकला तरी हाच मार्ग. ब्राउझरची 'प्रिंट झालं' ही घटना कागद बाहेर पडल्यावर येत नाही, काम प्रिंटरकडे सोपवल्यावर येते. तिच्यावर विसंबून चिठ्ठी मिळाली असं मानता येत नाही.

दुपारी मशीन पुन्हा सुरू. मी संध्याकाळपर्यंत थांबलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आवाजी सूचना जोडल्या, ताईंच्याच आवाजात. लगेच दिसलं की आधीच्या स्क्रीनची सूचना पुढच्या स्क्रीनवरही बोलत राहते. निघताना थांबवायच्या गोष्टींत आवाज वाढवला. आता त्या यादीत पाच आहेत: टायमर, मागण्या, आवाज, कीबोर्डची अर्धवट जोडाक्षरं आणि प्रिंटसाठी बांधलेला चिठ्ठीचा भाग. शेवटचा डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो राहून गेला होता. डीओएममध्ये नाव तसंच पडून होतं.

४ मार्च, मंगळवार

ताईंचा फोन: "अडकलंय हो." कुठे? "ते नाही का, निळं, लिहिलेलं असतं वर." दहा मिनिटं गेली.

वेबसाइट असती तर मी पत्ता वाचून दाखवा म्हटलं असतं. माणसामाणसांत बोलायलाही पत्ता लागतो, हे १० फेब्रुवारीच्या माझ्या यादीत नव्हतं. प्रत्येक स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ठळक आकडा घातला, १ ते ११. त्याच आकड्यांनी लॉगही लिहायचं: कुठल्या आकड्यावरून, कुठल्या घटनेनं, कुठल्या आकड्यावर, किती मिलिसेकंदांनी. नाव, नंबर, गाव काहीही नाही.

६ मार्च, गुरुवार

ताई: "आठवर अडकलंय, प्रिंटरचा लाल दिवा लागलाय." दोन मिनिटांत सुटलं.

११ मार्च, मंगळवार

चाचण्या. तक्ता हा नुसता डेटा असल्यामुळे ९९ घरं यंत्रानंच तपासता येतात: २७ जिथे जायला हवं तिथे जातात का, आणि ७२ खरोखर जागेवरून हलत नाहीत ना. ७२ पैकी दोन हलली. 'चिठ्ठी'वर असताना 'मागे' हे घर रिकामं होतं, पण जुन्या कोडमधला एक बटण-हँडलर तक्त्याला न विचारता थेट स्क्रीन बदलत होता. दुसरं तसंच 'मदत'वर. स्क्रीन बदलणारं फंक्शन आता तक्त्याच्या बाहेर कोणाला दिसतच नाही.

आमच्यासाठी एक सोयही केली: विकासाच्या बांधणीत खोट्या माहितीसह कुठल्याही आकड्यावर थेट सुरुवात. रुग्णालयात जाणाऱ्या बांधणीत हा भाग नसतोच.

१८ मार्च, मंगळवार

रुग्णालयाची नवी मागणी. दाराशी क्यूआर कोड लावायचा आणि ज्याच्या हातात फोन आहे त्यानं रांगेत उभं राहूनच फोनवर भरायचं. तक्ता तोच, म्हणून होकार दिला. घरी जाऊन फोनवर उघडलं, चार पायऱ्या भरल्या, सवयीनं काठावरून बोट सरकवलं आणि अख्खं पान बंद झालं. ब्राउझरच्या दृष्टीनं मी एकाच पत्त्यावर होतो, त्याच्या मागे फक्त कॅमेऱ्याचं अ‍ॅप.

किऑस्कवर ब्राउझरचा 'मागे' हा घुसखोर होता. फोनवर तो माणसाच्या बोटात मुरलेला आहे. फोन एकाच माणसाचा, इतिहासही त्याचाच. इथे तो नाकारायचा हक्क मला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

पत्ता न बदलता इतिहास वापरता येतो. पुशस्टेटला तिसरा घटक, म्हणजे पत्ता, दिलाच नाही तर पट्टीत काही बदलत नाही, पण इतिहासात एक पायरी वाढते. पायरीसोबत मी फक्त स्क्रीनचा आकडा ठेवतो. बोट मागे सरकलं की पॉपस्टेट येतं, त्यातला आकडा मी तक्त्यापुढे ठेवतो. तक्ता हो म्हणाला तर तिथे जायचं. केस पेपर झालेला असेल तर कुठलाही आकडा आला तरी चिठ्ठीच दाखवायची. पॉपस्टेट रोखता येत नाही, ते घडून गेल्यावरच कळतं. म्हणून 'जाऊ नका' म्हणायची भाषा सोडली, 'आलात तर काय दाखवू' एवढंच ठरवलं.

एक अट पाळावी लागते. माणसानं पानाला हात न लावता जोडलेल्या पायऱ्या क्रोम 'मागे' जाताना ओलांडून टाकतो, कारण फसव्या साइट माणसाला अशाच अडकवून ठेवतात. म्हणून पायरी वाढवायची ती 'पुढे'च्या टॅपमधूनच. 'शोधतोय' आणि 'नोंदवतोय' आपोआप येतात-जातात, त्यांच्या पायऱ्या नाहीत.

आणखी एक फरक. नंबर बघायला माणूस फोनबुकात जातो, तेवढ्यात मेमरी कमी असलेला फोन टॅब मारून टाकतो, परत आल्यावर पान नव्यानं उघडतं. इथे अर्धवट माहिती सेशनस्टोरेजमध्ये ठेवली, चिठ्ठी मिळाली की पुसायची. किऑस्कवर जे एक अक्षरही ठेवायचं नाही असं मी लिहिलं होतं तेच फोनवर ठेवणं योग्य आहे. दोन्हींकडे तक्ता सारखा, निघतानाची यादी वेगळी.

२५ मार्च, मंगळवार

फोनचं रूप सुरू झालं. दुपारपर्यंत किऑस्कचा लॉग चाळला. स्क्रीन २ वर सर्वाधिक वेळ जातो, अपेक्षेप्रमाणे. 'मी इथेच आहे' हे बटण सकाळभरात सहा वेळा दाबलं गेलं, पाच वेळा स्क्रीन २ वरच.

मामांनी एक सुचवलं: टेबलाला डाव्या बाजूला हूक लावा, पिशवी अडकवायला. टेबलावर पिशवी ठेवली की स्क्रीनच्या खालच्या काठाला कापड टेकतं आणि आपोआप टॅप पडतो. लॉगमध्ये स्क्रीन २ वर जे अनाकलनीय 'मागे' दिसत होते त्यांचा उलगडा झाला. बटण नेमकं तिथेच आहे. हूक उद्या बसेल. तोवर 'मागे' खालच्या काठापासून दोन बोटं वर घेतलं.